ताट घरी न्यायचं नाही

आगाशी, वसई
रविवार संध्याकाळ

प्रिय बाय,

परवा फोनवर "मावशी, दुपारी जेवायला वेळच होत नाही" असं म्हणालीस आणि त्याच दमात तुझ्या मोखाड्याच्या अंगणवाडीतल्या त्या बाईची गोष्ट सांगितलीस. सातवा महिना, रक्त कमी, आणि ताटातलं अंडं तिनं हळूच ओच्यात सरकवलं, घरच्या थोरल्यासाठी. तू हटकलंस, समोर बसवलंस, खायला लावलंस.

गरोदर-बाळंतिणींसाठीच्या अमृत आहार योजनेतली मला सगळ्यात शहाणी वाटते ती हीच गोष्ट. २०१५ साली ती सुरू झाली, ती गरम, चौरस जेवणाची: भाकरी, भात, डाळ, भाजी, अंडं. जेवण अंगणवाडीत वाढायचं. कोरडा शिधा घरी दिला तर तो सगळ्यांच्या ताटांत जातो आणि आईच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचं येतं. १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हा सगळे मुलांची वजनं विचारत होते. आयांची वजनं विचारायचं बऱ्याच उशिरा सुचलं.

आता मला सांग, आपलं ताट आपणच बसून जेवायचं, हा नियम तुला लागू नाही असं कुणी सांगितलं?

येशूनं स्वतःसाठी काही राखलं नाही, असं तू म्हणशील. मार्कचा पहिला अध्याय काढ. कफर्णहूमला संध्याकाळी सगळं गाव दुखणाइतांना घेऊन दाराशी जमलं होतं. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन आणि सोबतचे शोधत आले, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणाले. तो परतला नाही, पुढच्या गावांना जाऊ म्हणाला. दाराशी आणखी कुणी ताटकळत होतं का, त्यांचं काय झालं, मार्क लिहीत नाही. चाळीस वर्षं ओपीडीची रांग पाहिलेल्या मला ती न लिहिलेली ओळ अजून टोचते. पण तो गेला, हे खरं. सहाव्या अध्यायातही शिष्यांना जेवायची उसंत मिळेना, तेव्हा त्यांना बाजूला चला, थोडा विसावा घ्या म्हणणारा तोच.

आणि तुझा लाडका चांगला शोमरोनी! आपण जखमा धुण्यापाशीच थांबतो. पुढे तो त्या माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर बघतो, सकाळी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो आणि आपल्या वाटेला लागतो. परत येईन, जास्तीचा खर्च देईन, एवढं सांगून. आपलं काम टाकून खाटेपाशी बसून राहिला नाही. दुसऱ्याच्या हाती सोपवणं त्याला जमलं. तुला ते जमत नाही. मदतनीसबाईवरही तू विश्वास टाकत नाहीस.

मलाही जमलं नव्हतं. ऐन पावसाळ्यात सलग तीन नाईट केल्या, चौथीही मागून घेतली, मोठेपणा वाटला म्हणून. पहाटे एकाचं इंजेक्शन दुसऱ्याच्या खाटेशी घेऊन उभी राहिले. शेजारच्या म्हातारीनं "सिस्टर, हा तो नव्हे" म्हटलं म्हणून निभावलं. तुझ्या आईलाही मी हे सांगितलेलं नाही.

एक मात्र आहे. "आधी स्वतःला जपा" हे आमच्या वसईत हल्ली फार गोड लागतं. दोन दिवस रिट्रीट, त्याला जोडून रिसॉर्ट. ज्याचं ताट रोजच भरलेलं, त्याला हा उपदेश करायची गरज नाही. त्या ओच्यातल्या अंड्यालाही मी स्वार्थाच्या उलट बाजूचं पाप म्हणणार नाही. तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. तुझ्यापुढे आहे, म्हणून रागावते.

बाराव्या शतकात संत बर्नर्डनं प्रवचनात सांगितलं होतं, कालवा होऊ नका, तळं व्हा. कालवा आलं ते पुढे ढकलतो, तळं आधी भरतं आणि मग ओसंडतं. मोखाड्यात बसून हे तुला समजवायला हवं का? पावसाळाभर डोंगर धो-धो झोडपला जातो, वैतरणेचं पाणी अडवून मुंबईला जातं आणि वैशाखात तुमच्या पाड्यांवर टँकर येतो.

बाकी इथे बरं आहे. तुझ्या मामाचा गुडघा तसाच. आपल्या राजेळीच्या घडाची सुकेळी केली आहेत, मंगळवारी मोखाड्याला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवते. चोवीस वाटायला आणि बारा वेगळ्या पुडक्यात, दोऱ्यानं बांधलेली. ती बारा तुझी. रोज एक, दुपारी, बसून. येत्या महिन्यात मी येणार आहे, तेव्हा दोरा बघेन.

तुझी
मावशी