क्रमांक ३० चा नकार

संगणक एखादे काम नाकारतो, तेव्हा त्या नकाराला क्रमांक असतो. लिनक्समध्ये १३ म्हणजे परवानगी नाही, १६ म्हणजे साधन वापरात आहे, ३० म्हणजे ही फाइल सिस्टिम फक्त वाचण्यासाठी आहे. पडद्यावर त्याची एक ओळ येते आणि बहुतेक जण ती न वाचताच पुन्हा तेच बटण दाबतात. ती ओळ किती मोलाची असते, हे मला उन्हाळ्याच्या सुट्टीत जबलपूरला कळले.

मामांचे घर कमानिया गेटजवळ आहे. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून ही कमान उभारली गेली. अध्यक्ष सुभाषबाबू तापाने आजारी होते, म्हणून ५२ हत्तींच्या मिरवणुकीत त्यांची तसबीर नेण्यात आली. माझ्या पणजीने लहानपणी ती मिरवणूक पाहिली होती. ती हकीकत सांगत असताना मामांनी तिचा आवाज टिपून ठेवला होता. आता पणजी नाही आणि तो आवाज मामांच्या जुन्या संगणकातल्या एकाच हार्ड डिस्कवर होता.

एके दिवशी वीज गेली आणि त्यानंतर तो संगणक सुरूच होईना. "फॉरमॅट करावं लागेल म्हणतात रे," मामा म्हणाले. मी म्हटले, "मामा, थांबा. आधी काही लिहू नका त्याच्यावर."

आमच्या संगणक क्लबात सरांनी एक क्रम पक्का करून घेतला आहे: आधी प्रत, मग तपासणी, शेवटी दुरुस्ती. त्याप्रमाणे मी डिस्क बाहेर काढली, डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने तिची जशीच्या तशी प्रत घेतली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवली. प्रतीला लिहिण्याची बंदी घातली आणि ती 'फक्त वाचन' असे सांगून माउंट केली. उत्तर आले: फक्त वाचण्यासाठीही जोडता येत नाही.

हे मला चमत्कारिक वाटले. एरवी कुलूप लावलेले कार्ड किंवा सीडी जोडली, तर माउंट आधी लिहिण्यासह प्रयत्न करते. ३० किंवा १३ क्रमांक आला की स्वतःच 'फक्त वाचन' लावून पुन्हा प्रयत्न करते आणि तशी सूचना देते. इथे तर मी पहिल्यापासून वाचनच मागत होतो!

कारण कर्नलच्या नोंदींत सापडले. एक्स्ट-४ फाइल सिस्टिम महत्त्वाचे बदल करण्याआधी ते एका रोजनिशीत, म्हणजे जर्नलमध्ये, नोंदवते. वीज अचानक गेली की तिथे अर्धवट कामे उरतात. पुढच्या वेळी माउंट करताना, अगदी 'फक्त वाचन' सांगितले तरी, ती आधी ही उरलेली कामे पूर्ण करते. ते लिहिणेच झाले. मी लिहिण्याला बंदी घातली होती, म्हणून ३० क्रमांकाचा नकार आला. त्याच नोंदीत उपायही होता: 'नोलोड' पर्याय, म्हणजे जर्नलला हात लावू नकोस. यात शेवटचे काही बदल अपुरे दिसू शकतात. पण आमचे ध्वनिमुद्रण कित्येक वर्षांपूर्वीचे होते, त्याला धोका नव्हता.

फोल्डर उघडले. पणजी सांगत होती, "मला विसापर्यंतच मोजता यायचं, म्हणून मी पुन्हा एकपासून हत्ती मोजले." मामा खुर्चीत बसून राहिले. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

नंतर आणखी एक प्रत काढून तिच्यावर दुरुस्ती चालवली आणि सगळ्या फाइली दोन ठिकाणी ठेवल्या.

मित्रांनो, पहारेकरी अडवतो तेव्हा आपण त्याच्यावर चिडत नाही, कारण विचारतो. संगणकाच्या नकाराचेही तसेच आहे. बंदी तोडण्याची घाई केली असती, तर जशीच्या तशी घेतलेल्या प्रतीवर नवे लिखाण झाले असते. आणि तुमच्या घरी असा एखादा आवाज एकाच जागी पडून असेल, तर या रविवारीच त्याची दुसरी प्रत काढा.