लोणारची प्रदक्षिणा

शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास जाणारी अकोला-अमरावतीकडील कुटुंबे बहुधा आल्या वाटेनेच परततात. सवड असल्यास त्यांनी रिसोड ओलांडून बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गाठावे. मात्र काठावरून छायाचित्र काढून मागे फिरू नये; धारेजवळून खाली उतरावे आणि वाट मोकळी असेल तर सरोवराला पायी पूर्ण फेरी घालावी.

अवकाशातून आलेला अशनी काळ्या पाषाणावर आदळून हे विवर झाले. त्याचा वरचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. ही घटना ५२ हजार वर्षांपूर्वीची मानत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनाने ती सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे मागे नेली.

इंग्रज अधिकारी अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या स्थळाची नोंद केली, असे सर्वत्र छापलेले आढळते. पण आपल्यासारख्या व्यापाऱ्यांना अधिक रस वाटेल तो ‘आईन-ए-अकबरी’तील उल्लेखात. काच व साबण यांना लागणारा येथील क्षार त्या काळी सरकारला चांगले उत्पन्न देत असे. पाणी आटले की काठावर त्याची पांढरी पापडी आजही दिसते.

उतरताना झाडी दाट होत जाते. मोराची केका, वानरांची उडी, पाचोळ्यातून सरकणारी घोरपड. मध्येच झाडोऱ्यात हरवलेले एखादे हेमाडपंती देऊळ. हिवाळ्यात उथळ पाण्यात शेकाटे व चक्रवाक दिसतात. हा परिसर २००० पासून अभयारण्य असून २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले होते. क्षार वाढताच त्यात राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी तो रंग आणला होता.

या सूक्ष्म जीवांचे सारे जगणे त्या खारेपणावर उभे आहे. काठावर गोड पाण्याचे झरे आहेत, त्यांत पावसाचे पाणी मिसळते. अलीकडे पातळी वाढून पाणी कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत येऊ लागले. खारेपणा असाच विरत गेला, तर लोणार इतर तळ्यांसारखे एक तळे होईल.

फेरीस पहाटे निघावे, पिण्याचे पाणी जवळ ठेवावे. चौविहार करणाऱ्यांनी दुपारनंतर खाली उतरूच नये. चढून वर येईतो दिवस मावळतो.