एकट्याची कंपनी

एका माणसाच्या सहीची किंमत सिल्वासाच्या वकिलास निराळी शिकावी लागत नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले, आणि पुढे काही वर्षे या चिमुकल्या मुलखाचा कारभार येथल्याच वरिष्ठ पंचायतीने पाहिला. १९६१ च्या ऑगस्टात भारतात विलीन होण्याच्या करारावर सही करण्याची वेळ आली तेव्हा पंडित नेहरूंच्या समोर बसावयास तोलामोलाचा पदाधिकारी हवा होता. म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्यांस मुक्त दादरा-नगर हवेलीचे पंतप्रधान नेमण्यात आले. एका सहीपुरते पंतप्रधान! कायद्यास माणूस लागतो तो असा.

या कथेची आठवण आम्हांस अलीकडे वारंवार होते ती आमच्या एका अशिलामुळे. तिशी ओलांडलेला हा गृहस्थ आमळीतल्या दोन खोल्यांत बसून सॉफ्टवेअर लिहितो. वडील धुळ्याकडून येथे आले आणि पॉलिएस्टरच्या धाग्याच्या कारखान्यात फिटर म्हणून राबले. मुलाने त्याच धाग्याचा हिशेब हाती घेतला. हा धागा दिसावयास सारखा, पण एका लॉटचा माल दुसऱ्यात मिसळला की रंगाईनंतर कापडावर पट्टे उमटतात, व्यापारी माल परत करतो, आणि दोष कोणाचा यावर रणे माजतात. कोणत्या यंत्रावरचा कोणता लॉट कोणत्या खोक्यात गेला, याची अचूक नोंद ठेवणारी आज्ञावली त्याने लिहिली. मसाट आणि राखोलीकडचे अकरा कारखाने ती वापरतात. भांडवल म्हणाल तर नोकरीतली शिल्लक आणि पत्नीच्या शाळेतला पगार.

सुरतेच्या एका व्यापाऱ्याने निम्म्या भागीदारीच्या बदल्यात पैसा देऊ केला होता. त्याने तो नाकारला, आणि आमचे मत विचाराल तर बरेच केले. पैशाने माणसे ठेवता आली असती हे खरे. पण कोणत्या कारखान्यास 'नाही' म्हणावयाचे हा अधिकार त्या पैशाबरोबर गेला असता. मात्र जे एकट्याच्या पराक्रमाच्या गोष्टी त्यास ऐकवीत असतात, त्यांनी त्या नीट वाचाव्यात. पुण्याचे कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले, आणि २०१६ साली 'क्विक हील'चे भाग शेअरबाजारात आले, ही गोष्ट अभिमानाची खरीच. परंतु विषाणूंस रोखणारी आज्ञावली लिहिली ती धाकटे बंधू संजय यांनी. लिहिणारा एक, विकणारा दुसरा. आमच्या अशिलास भाऊ नाही.

पूर्वी खाजगी कंपनीस किमान दोन माणसे लागत, आणि मग पत्नीच्या किंवा मेव्हण्याच्या नावे एखादा भाग टाकून वेळ मारून नेत. २०१३ च्या कायद्याने एका व्यक्तीच्या कंपनीस मान्यता दिली. अट एकच, पण मर्माची: आपल्यामागे कंपनी कोणाकडे जावी त्याचे नाव, त्याच्या लेखी संमतीसह, आरंभीच द्यावयाचे. जन्माच्या दाखल्यावरच वारसाचे नाव!

तेही जमले असते. पण आम्ही कागद चाळले तेव्हा निराळाच पेच दिसला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने आज्ञावली हे साहित्य ठरते. (आमचा हा अशील कथा-कादंबरीच्या वाटेस कधी गेला नाही, पण कायद्यापुढे तो ग्रंथकार, आणि त्याचा हक्क मरणोत्तर ६० वर्षांचा.) आज्ञावली त्याने लिहिली ती कंपनी स्थापन होण्यापूर्वी, म्हणून मालकी त्याची स्वतःची. लेखी हस्तांतरण झाल्याखेरीज ती कंपनीकडे जात नाही. उद्या काही बरेवाईट झाले असते तर कंपनी नामनिर्देशिताकडे आणि पोथी आई, पत्नी व मुले या वारसांकडे, अशी फाटाफूट झाली असती. आम्ही हस्तांतरणाचा लेख केला. देणारा म्हणून त्याने एक सही केली, आणि घेणाऱ्या कंपनीच्या वतीने दुसरी. बदलानींची आठवण झाली ती तेव्हा.

नामनिर्देशित म्हणून पत्नीचे नाव आले. त्या गणित शिकवितात. संमतीपत्र वाचून त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, सही करायला माझी हरकत नाही. पण सकाळी सात वाजता कारखान्यातून फोन आला, तर मी काय सांगू?"

प्रश्न हवेतला नव्हता. आदल्या पावसाळ्यात विषमज्वराने हा गृहस्थ वापीच्या रुग्णालयात पडला होता. एका हातात सलाईनची सुई, आणि दुसऱ्या हाताने तो लॉटच्या नोंदी दुरुस्त करीत होता; कारण गोदाम अडले की ट्रक अडतो. देवस्थानाच्या व्यवहाराशी आमच्या वाचकांचा परिचय आहे. देवता ही कायद्याने व्यक्ती. तिच्या वतीने सेवा करणारी घरे मात्र मर्त्य. म्हणून पाळी लावलेली असते. एका घरी सुतक आले तर दुसरे घर उभे राहते आणि पूजा चुकत नाही. कंपनीही कायद्याने व्यक्ती. पण या कंपनीस दुसरे घरच नव्हते.

उगीच धीर देण्याचा आमचा धंदा नव्हे. आम्ही त्यास दोन कामे सांगितली. पहिले, सारी रीत वहीत उतरवून काढण्याचे. त्यास चार महिने लागले, आणि पत्नीने ती वही उत्तरपत्रिकेसारखी तपासली. 'हे कळले नाही' असा शेरा कित्येक पानांवर आम्ही पाहिला आहे. दुसरे काम कठीण होते. वापीस असाच एकट्याने सॉफ्टवेअर लिहिणारा एक तरुण आहे. त्याचे गिऱ्हाईक औषधांचे घाऊक दुकानदार. धंदे भिन्न, तेव्हा स्पर्धा नाही. परंतु आपली मूळ आज्ञावली परक्याच्या हाती द्यावयाची म्हटल्यावर दोघांचेही चेहरे उतरले. मालकी, गुप्तता, आजारपणातील मोबदला, गिऱ्हाईक न फोडण्याची हमी, अशा कलमांचा करार होण्यास आमच्या कचेरीत पाच बैठका पडल्या. मोबदल्यावर एकदाही वाद झाला नाही. वाद झाला तो 'आजारपण' कशास म्हणावे यावर. वापीचा म्हणे, ताप आला तरी काम होते. आमचा अशील काही बोलला नाही. त्याची पत्नी बोलली. शेवटी कलमात 'रुग्णालय, सुतक, अथवा वर्षातून सात दिवस कोणतेही कारण न सांगता' असे शब्द घातले. हे शेवटचे शब्द बाईंचे.

येणे वसूल करण्याचा प्रश्न अद्याप तसाच आहे. लहान उद्योगाचे बिल पंचेचाळीस दिवसांत न चुकविल्यास चढे व्याज लागते, असा २००६ चा कायदा आहे. एका कारखान्याकडे आठ महिन्यांचे थकले आहे. आम्ही नोटीस लिहून ठेवली आहे. अकरांतला एक जाईल या भयाने तो ती धाडू देत नाही, आणि त्याच्या जागी बसल्याखेरीज त्यास भित्रा म्हणणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

गेल्या दिवाळीत मात्र तो तीन दिवस धुळ्यास गेला. फोन वापीकडे होता. तो दोनदा वाजला. एकदा लॉटचा क्रमांक चुकला होता म्हणून. आणि दुसऱ्यांदा खुद्द आमच्या अशिलानेच, कोणाचा फोन आला काय, हे विचारण्यासाठी केला होता म्हणून.