तीन वाव पाणी

हर्णै म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? संध्याकाळचा मासळीचा लिलाव, किनाऱ्यावरच्या बैलगाड्या, समोर समुद्रात उभा सुवर्णदुर्ग. होय ना? पण कधी भर जुलैत गेला आहात का? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. वाळू रिकामी, आणि होड्या आंजर्ल्याच्या खाडीच्या आसऱ्याला. सुट्टी घालवायला कोणी जात नाही त्या दिवसांत. मी गेले, कारण माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला, "तू इंग्रजी शिकवतेस ना? मग ये बाई. एक पुस्तक वाचून दे."

पुस्तक होते मासे दाखवणाऱ्या मशीनचे. तिने पतपेढीत दोन पाटल्या ठेवून ते घेतले होते. सासूबाई गप्प होत्या, पण त्यांचा जीव पाटल्यांत नव्हता. "सोनं येईल परत गं," त्या मला म्हणाल्या, "पण होडी म्हणजे आमची लक्ष्मी. तिच्या पोटाला भोक पाडणार ही पोरं!"

भोक पाडावेच लागते. मशीनचा पडदा वर केबिनमध्ये असतो, पण त्याचा कान तळाला, पाण्यात. वाटीएवढी वस्तू. ती खाली आवाज सोडते आणि परत आलेला पडसाद ऐकते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, म्हणजे पंधरा मीटर खोल जाऊन यायला सेकंदाचा पन्नासावा भाग! जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते, मध्ये मासळीचा थवा आला तर त्याचा डाग उमटतो. लाकडातून हा आवाज धड जात नाही, म्हणून तळ भोसकणे आले. तेही पंख्याजवळ नको, कारण बुडबुड्यांनी सगळे चित्र पुसून जाते.

सुतार दुसऱ्या दिवशी येणार होता. रात्री कंदिलात (वीज गेलेली, पावसाळाच तो!) मी पुस्तक चाळत होते आणि एका चौकटीपाशी थबकले. लाकडी होडीला प्लास्टिकची बैठक बसवू नये, लाकूड पाणी पिऊन फुगते आणि प्लास्टिक तडकू शकते. आमच्या खोक्यात बैठक होती प्लास्टिकची! पावसाळ्यात आपले न्हाणीघराचे दार कसे फुगून बसते, आठवा. तसे झाले असते, तेही समुद्रात. मैत्रिणीचा चेहरा पांढरा पडला. दुकानदाराने होडी कशाची हे विचारलेच नव्हते. सकाळी तिचे यजमान पहिल्या एसटीने रत्नागिरीला गेले आणि ब्राँझची घेऊन आले. वरचे पैसे पडले ते वेगळे.

सुताराने भोक पाडले तेव्हा सासूबाई घरात निघून गेल्या. बैठक बसली, भोवती मसाला भरला. सुताराने नट गच्च आवळला नाही. "लाकूड फुगंल, त्याला जागा पायजे," म्हणाला. पुस्तकातही हेच होते, पण त्याने ते वाचलेले नव्हते.

मोठ्या भरतीला होडी पाण्यात गेली. आम्ही दोघी चढलो. मैत्रीण वाकून तळाशी हात फिरवत होती. कोरडे होते. पडदा लागला. खोली फुटात दिसत होती. आबा, म्हणजे तिचे सासरे, म्हणाले, "मास्तरीणबाई, फूट कशाला? वावेत दाखवतंय का?" वाव म्हणजे दोन्ही हात पसरून धरलेला दोर, सहा फूट. मी यादी उघडली आणि काय सांगू, तिथे 'फॅदम' होतेच! मशीन म्हणाले दोन पूर्णांक चार.

आबांनी दोराला शिसे बांधले, खालच्या खळग्यात साबण दाबला आणि सोडले. "तीन वाव," म्हणाले. शिसे वर आले तर साबणाला चिखल चिकटलेला. सगळे मशीनकडे पाहू लागले. नवे आणि चुकीचे? मी परत पुस्तकात. मशीन मोजते ते स्वतःपासून खाली. ते पाण्याखाली जितके बसवले, तेवढे वर मिळवून द्यावे लागते. शून्य पूर्णांक सहा घातले. तीन!

पडद्यावरचे चित्र 'आत्ताचे' नसते, हे मात्र मला अनपेक्षित होते. उजव्या काठाला आत्ता, डावीकडे होडीखालून गेलेले सगळे. अमेरिकेत २०१८ पासून गार्मिनची अशी मशीन मिळतात की पुढचा मासा शेपूट हलवताना त्याच क्षणी दिसतो. आबांच्या मुलाने तो व्हिडिओ दाखवला. आबांनी पाहिला आणि म्हणाले, "दिसंल रे. पण दिसायला आधी असायला हवा ना?" मुलगा काही बोलला नाही.

ऑगस्टच्या शेवटी मैत्रिणीचा फोन आला. नट एकदा आवळून झाला, भोक कोरडे आहे. पतपेढीचा एक हप्ता भरला. सासूबाई नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करून आल्या, आणि पडद्यालाही हळदकुंकू लावून आल्या.