साडेतीन मिलिमीटरचा फूट

माझा नातू पुण्यात असतो. त्याला आणि त्याच्या बापाला छोट्या आगगाडीचं वेड. ‘खेळणं’ म्हटलेलं त्यांना खपत नाही, ‘मॉडेल’ म्हणायचं. कोथरूडातलं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून हे वेड लागलं. ते १९९८ साली सुरू झालं. आपली कोकण रेल्वे सलग धावायला लागली तीही त्याच वर्षी.

रूळ, डबे, इंजिन सगळं बाजारात मिळतं. घरंही मिळतात, पण ती परदेशी, बर्फ घसरून पडावा अशा उतरत्या छपरांची. त्यांना रत्नागिरीचा देखावा करायचा होता. नातवाने फोन केला, “आजोबा, आपलं जुनं घर करून द्या ना.” ते घर १९९४ साली वाटण्या झाल्या तेव्हा मोडलं. फोटो एकच, तोही पुढल्या अंगणातला, कुणाच्या तरी लग्नातला.

यातला हिशेब मात्र शेतकऱ्यालाही जमण्यासारखा आहे. सगळं ८७ पटीने लहान करायचं. एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. आमचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच, तो ७३ सेंटिमीटर होतो. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा केला तर ७५ मीटर. म्हणून बोगदा हातभर करतात आणि कोणी काही विचारत नाही. पण घराची ओटी आखडली तर आक्का विचारील.

सामान घरातलंच. भिंतींना आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर डिंक लावून जांभ्याचा चाळलेला भुगा टाकला आणि चिऱ्यांच्या रेघा सुईने ओढल्या. पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आत पन्हळी निघते, ती मंगलोरी कौलांना चांगली शोभते. वासे नारळाच्या हिरांचे. विकतच्या रंगापेक्षा आमचा भुगा बरा, कारण जांभ्याचा रंग जांभ्यालाच ठाऊक.

अडलं ते मापांवर. आक्का आता ऐंशीच्या पुढची. तिला फूट विचारले तर सांगता येईना. म्हणाली, “ओटीवर रात्री पाच गोधड्या शेजारी शेजारी पडायच्या, पाचवा भिंतीला लागायचा.” झालं की माप! गोधडी तीन फुटांची, पंधरा फूट ओटी, ५२ मिलिमीटर. दाराचं विचारलं तर, “तुझे वडील वाकून आत यायचे.” दार पाच फुटी धरलं. नातवाने आपला १९ मिलिमीटरचा माणूस उभा करून बघितला आणि कळवलं, “आजोबा, दार चुकलंय, माणूस मावत नाही.” त्याला म्हटलं, मावायचाच नाही, घरात शिरताना मान खाली घालायची पद्धत होती.

मग खिडकीवरून दादाचं आणि माझं वाजलं. तो म्हणे पश्चिमेला होती, मी म्हणे मागल्या पडवीकडे. दोन दिवस दादा बोलला नाही. शेवटी आक्कानेच सोडवलं. पश्चिमेच्या खिडकीतून पावसाची झड आत यायची म्हणून वडिलांनी ती बुजवली आणि मागे दुसरी काढली. दादाने पहिली बघितली होती, मी दुसरी. मी मागची उघडी ठेवली आणि पश्चिमेच्या भिंतीत बुजवलेल्या जागेचे चिरे थोडे फिकट केले. तेवढी भिंत दादा बराच वेळ बघत बसला.

तरी त्याचं एक म्हणणं राहिलंच. “आपल्या घराने गाडी कुठे बघितली? आई पण गेली त्याच्या आधी. रुळाशेजारी ते घर ठेवणं म्हणजे खोटंच.” बोलणं खरं होतं. मी नातवाला सांगितलं, घर रुळापासून लांब ठेव, मध्ये आमराई कर, गाडी दिसू नये, नुसता आवाज यावा. त्याने काथ्याची कलमं केली आहेत म्हणे.

छप्पर मी चिकटवलेलं नाही. आक्काला उचलून आत बघायचं असतं. माजघर झालं, देवघराचा कोनाडा झाला. चूल तेवढी राहिली आहे. आक्का म्हणते चुलीला वैल होता, दादा म्हणतो नव्हता.