ओल धरलेलं शहर

पूर चढत असतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष असतं. पाणी उतरलं, गाळ उपसून झाला, की बातमी संपते. पुराचं उरलेलं काम मात्र पुढे भिंतींच्या आत वर्षानुवर्षं चालू राहतं. ते काम पडद्यावर दाखवणारा एक चित्रपट मला फार जवळचा आहे. निकोलस रोएग या ब्रिटिश दिग्दर्शकाचा, १९७३ सालचा ‘डोन्ट लुक नाऊ’. भयपट म्हणून त्याचं नाव घेतात, आणि तो भयपट आहेच. पण त्यातली भीती दाराआड लपलेली नसते. ती व्हेनिसच्या ओल्या विटांतून झिरपत येते.

त्या विटा इतक्या ओल्या का, हे कळायला ४ नोव्हेंबर १९६६ या दिवसाकडे जावं लागतं. व्हेनिस उभं आहे ते समुद्राला तीन मुखांनी जोडलेल्या उथळ खाऱ्या पाण्यात. भरतीला पाणी आत येतं, ओहोटीला बाहेर जातं. शहराचा श्वासच तो. त्या दिवशी आग्नेयेकडून सुटलेल्या सिरोको वाऱ्याने आत आलेलं पाणी बाहेर पडूच दिलं नाही, आणि त्याच पाण्यावर पुढची भरती चढली. मोजपट्टीवर आकडा आला १९४ सेंटिमीटर. हा आकडा १८९७ साली ठरवलेल्या शून्यापासून मोजतात. सान मार्कोचा चौक त्या शून्याच्या साधारण ८० सेंटिमीटर वर आहे, म्हणजे चौकात कमरेच्याही वर पाणी होतं. वीज गेली. तळमजल्यांवरच्या तेलाच्या टाक्या फुटल्या, काळं तेल पाण्यावर पसरलं आणि पाण्याबरोबर घराघरांत, देवळांत शिरलं. वारा फिरला तेव्हा पाणी उतरलं. तेलाची रेघ भिंतींवर राहिली.

रेघ घासून काढता येते. मीठ काढता येत नाही. जुन्या व्हेनिसच्या बांधकामात खाली इस्त्रियाचा घट्ट, पाणी न पिणारा पांढरा दगड घालायचे आणि त्यावर विटा रचायचे. पाणी दगडाच्या उंचीच्या खाली राहील, हा बांधणाऱ्यांचा हिशेब शतकानुशतकं बरोबर ठरला. पण शहर हळूहळू खचत गेलं, समुद्र वर येत गेला, आणि खारं पाणी दगड ओलांडून विटांपर्यंत पोचलं. वीट ते पाणी शोषून वर वर चढवते. ऊन पडलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्याचे स्फटिक विटेच्या छिद्रांत वाढतात आणि विटेला आतून फोडतात. आधी पांढरा लोणा दिसतो, मग गिलाव्याचे पोपडे सुटतात, मग विटेची भुकटी बोटाला लागते. हे सगळं घडतं ते कोरड्या, उन्हाच्या दिवसांत, सारं ठीक झालं असं वाटत असताना.

ज्याने आपल्याकडे पुराखालून वर आलेलं शहर बघितलं आहे, त्याला हे परकं वाटणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर मी तिथल्या घरांतून हिंडलो. कपाटांची दारं फुगून लागत नव्हती. गाद्या रस्त्यावर पडल्या होत्या. लोक बोलता बोलता नकळत भिंतीवर हात ठेवत, ओल कुठवर आली आहे ते चाचपत. अशा घरात माणूस दबक्या आवाजात बोलतो. कोणीतरी नुकतंच येऊन गेलंय आणि पुन्हा येणार आहे, हे तिथे कोणाला सांगावं लागत नाही.

रोएगने या जाणिवेवर अख्खा चित्रपट उभा केला. जॉन आणि लॉरा बॅक्स्टर या इंग्रज जोडप्याची लहान मुलगी ख्रिस्टीन घरामागच्या तळ्यात बुडून जाते. डॅफ्ने द्यू मोरियेच्या मूळ कथेत मुलगी आजाराने जाते; चित्रपटाने तो मृत्यू पाण्याला दिला, आणि त्या एका बदलाने कथा व्हेनिसशी कायमची बांधली गेली. जॉन जुन्या वास्तूंची डागडुजी करणारा माणूस. मुलगी गेल्यावर तो बायकोला घेऊन व्हेनिसला एका चर्चच्या कामावर येतो. पाण्याने ज्याचं लेकरू नेलं, तो माणूस पाण्याने खाल्लेल्या भिंती दुरुस्त करू लागतो.

या चर्चसाठी चित्रपटाच्या मंडळींनी व्हेनिसमधली बहुतेक चर्चेस पालथी घातली. मनासारखं मिळेना, तेव्हा गोदामातच एक खोटं चर्च उभारावं असाही विचार निघाला. मग शहराच्या पश्चिम टोकाला, एके काळी कोळ्यांची आणि गरिबांची वस्ती असलेल्या भागात, सान निकोलो देई मेंदिकोली सापडलं. त्याची जमीन शेजारच्या कालव्याच्या पाण्यापेक्षाही खाली. १९६६ च्या पुरानंतर व्हेनिस वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये उभ्या राहिलेल्या निधीतून तिथे खरोखरीचं दुरुस्तीचं काम चालू होतं आणि परांची आधीच बांधलेली होती. खर्च करून जे उभारावं लागलं असतं ते पुराने आणि गवंड्यांनी तयार ठेवलं होतं. पडद्यावर जॉन झालेला डोनाल्ड सदरलंड ज्या फळ्यांवरून चालतो, त्या फळ्यांवर खरी माणसं खरं चर्च वाचवत होती.

चित्रपटाचा खर्च सुमारे ११ लाख डॉलर. त्याच वर्षी आलेल्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ला याच्या कितीतरी पट पैसा लागला. तिथे पछाडलेल्या मुलीची खोली स्टुडिओत बांधली होती आणि नटांच्या तोंडातून वाफ निघावी म्हणून ती यंत्रांनी गार केली होती. ते कामही मोठ्या कसबाचं आहे. रोएग गारठ्याच्या शोधात जानेवारीत व्हेनिसला गेला. प्रवासी निघून गेलेत, हॉटेलं हंगाम आवरून बंद होताहेत, गल्ल्यांतून पावलांचा आवाज नको इतका मोठा घुमतोय, असं ते व्हेनिस. ओळखीच्या देखण्या जागा त्याने मुद्दाम टाळल्या. भरती-ओहोटीमुळे चित्रीकरणाचे हाल झाले. सकाळी घेतलेल्या दृश्यातली पाण्याची पातळी दुपारी जुळत नसे, सामान होड्यांतून न्यावं लागे. तोच अडथळा चित्रपटाच्या अंगी लागला. आपण कुठे उभे आहोत याची खात्री इथे पात्रांना नाही, आणि बघणाऱ्यालाही नाही.

सुरुवातीचंच दृश्य घ्या. रविवारची दुपार. जॉन घरात बसून चर्चच्या पारदर्शिका बघतोय. एका चित्रात बाकावर लाल टोपीचा अंगरखा घातलेली एक आकृती पाठमोरी बसलेली. बाहेर त्याची मुलगी तसाच लाल रेनकोट घालून तळ्याकाठी चेंडूशी खेळतेय. पेल्यातलं पाणी पारदर्शिकेवर सांडतं. त्या आकृतीचा लाल रंग सुटतो आणि चर्चच्या चित्रावर हळूहळू वळत, वाकत पसरू लागतो. जॉन बघत राहतो. मग काही न बोलता उठून धावत सुटतो. त्याला कोणी हाक मारलेली नाही, किंचाळी ऐकू आलेली नाही. रंग, पाणी आणि कागदाच्या चौकटीतली एक इवलीशी पारदर्शिका, एवढ्या साहित्यात रोएगने मृत्यू खोलीत आणला. कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत करता येईल असा हा प्रयोग आहे, आणि तो बघताना माझ्या पोटात आजही खड्डा पडतो.

व्हेनिसमध्ये जॉन आणि लॉराला दोन वयस्क बहिणी भेटतात. त्यातली एक आंधळी आहे. ती लॉराला सांगते, तुमची मुलगी तुमच्याजवळच आहे आणि हसते आहे. लॉराच्या जिवाला इतक्या दिवसांनी थोडा गारवा मिळतो. जॉन चिडतो. त्याचा भरवसा हाताला लागणाऱ्या गोष्टींवर. परांचीवर उंच चढून तो भिंतीवरच्या मोझाइकशी नवे तुकडे जुळवत असतो, रंग मिळतो का, चकाकी मिळते का, हे डोळ्यांत प्राण आणून तपासत. तेवढ्यात वरून एक फळी सुटते, आणि क्षणापूर्वी इतका नेटका उभा असलेला माणूस दोरीला लोंबकळतो. हे दृश्य करायला स्टंटवाला तयार झाला नाही, तेव्हा सदरलंड स्वतः लोंबकळला. त्या चेहऱ्यावरची घालमेल म्हणूनच इतकी जवळची वाटते.

आंधळी बाई सांगते की दिव्य दृष्टी जॉनलाही आहे, पण ती मानायला तो तयार नाही. एके दिवशी कालव्यातून जाणाऱ्या होडीवर त्याला लॉरा दिसते, काळ्या कपड्यांत, त्या दोघी बहिणींच्या मधोमध उभी. ती तर सकाळीच इंग्लंडला गेलेली. बायकोला कोणीतरी पळवलं या भीतीने तो शहर पालथं घालतो, पोलिसांत जातो. त्याने जे पाहिलं ते अजून घडायचं होतं. ती त्याचीच अंत्ययात्रा होती. ज्या लाल अंगरख्याच्या मागे तो रात्री गल्ल्यांतून धावतो, त्याच्या आत त्याची लेक नसते. शहरात खून पाडत हिंडणारी एक ठेंगणी बाई असते, आणि तिच्या हातात सुरा असतो.

हा शेवट अनेकांना निव्वळ धक्का वाटतो. मला तो या शहराचाच न्याय वाटतो. पुराने खाल्लेल्या भिंतीवर काळ सरळ रेषेत राहत नाही. १९६६ चं मीठ १९७३ मध्ये वर येतं. आज ओली दिसणारी वीट उद्या गळून पडणारी वीट असते. जे होऊन गेलं आणि जे व्हायचं आहे, ते दोन्ही एकाच पोपड्यात दिसतं. दुःखही असंच वागतं. लेकरू गमावलेल्या माणसाला गर्दीत पाठमोरा लाल कपडा दिसला, की तो मागचं बघतोय की पुढचं, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. जॉन भिंती वाचायला शिकला होता. स्वतःच्या मनात कुठवर ओल चढली आहे हे मात्र त्याने कधी चाचपलं नाही. म्हणून मला तो मूर्ख वाटत नाही. कामात मान खाली घालून दुःख ढकलणारी असंख्य चांगली माणसं त्याच्या जागी असतात.

चित्रपटाचं संगीत पिनो दोनाज्जो याचं. तो व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावरचा गायक, आणि चित्रपटाला संगीत देण्याची ही त्याची पहिली वेळ. पियानोचे तुकडे त्याने स्वतःच वाजवले. पियानोवर त्याचा हात बसलेला नव्हता, आणि पाहिजे होतं तेही तसंच. नुकती शिकू लागलेली मुलगी एकेक पट्टी शोधत वाजवतेय, असे ते सूर अडखळतात. मुलगी पडद्यावरून पहिल्या काही मिनिटांतच जाते. तिची बोटं चित्रपटभर ऐकू येत राहतात.

व्हेनिसचा झगडा अजून संपलेला नाही. १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत आलं. समुद्राच्या तिन्ही मुखांवर बसवलेले मोझे प्रकल्पाचे ७८ दरवाजे ३ ऑक्टोबर २०२० ला भरतीच्या वेळी पहिल्यांदा उचलले गेले आणि शहर कोरडं राहिलं. १९५० च्या सुमारास जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत. आता ती ५० हजारही उरलेली नाहीत. दरवाजे पाणी थोपवतात. निघून गेलेली माणसं, बंद झालेले तळमजले, विटांत आधीच शिरलेलं मीठ यांवर त्यांचा इलाज नाही.

पुरानंतर आपल्याकडे पंचनामा होतो. किती घरं, किती जनावरं, किती पोती धान्य. तो हवाच, आणि नीट व्हायला हवा. पण रात्री पाऊस वाढला की चिपळूणमधली एखादी बाई २०२१ च्या जुलैमधल्या पुरानंतर दर वर्षी उठून का बसते, हे त्या कागदात येत नाही. ते येतं गोष्टीत, आणि फार वेळा ते भुताच्याच गोष्टीत येतं, कारण आहे आणि नाही यांच्या मधली ती अवस्था दुसऱ्या कोणत्या भाषेत मावत नाही. रोएगने दाखवून दिलं की अशा गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. पुराने ओलावलेली खरी जागा, तिथे राहणाऱ्यांविषयी आदर आणि भिंतीकडे धीराने बघत राहणारा कॅमेरा एवढं पुरतं. कृष्णेच्या, वाशिष्ठीच्या काठच्या एखाद्या तरुण दिग्दर्शकाने हे मनावर घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे. त्या भिंती अजून वाळलेल्या नाहीत, आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ आहे.