वीतभर पोलाद

पेनसिल्व्हेनियात, शेजाऱ्यांच्या तळघरातल्या बाकावर ती पहिल्यांदा माझ्या हातात आली, तेव्हा मी तिला नुसतं तळहातावर तोललं. वीतभर लांब, बोटाहून जरा रुंद, काळी. पाठीवर ओळीने आडव्या खाचा, पोटाला गोलाई. शेजारी तिला ‘रेल’ म्हणतात. मी मनात ‘पट्टी’ म्हणत आलो. रायफलच्या पाठीवर बसायचं आणि दुर्बिणीला खांद्यावर घ्यायचं, एवढंच तिचं काम.

मी शिकारी नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार ही आजोबांच्या गोष्टींत उरली. पण आयुष्य मशीनशॉपमध्ये गेलं, म्हणून शेजाऱ्यांनी मला खाली बोलावलं. गेल्या मोसमात त्यांच्या हातून एक हरिणी जखमी होऊन निसटली होती. अंधार पडेपर्यंत आणि नंतर बॅटरी घेऊन ते रक्ताच्या थेंबांमागे फिरले. ती सापडली नाही. रायफल उघडल्यावर कळलं, की दुर्बिणीखालच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या बैठकीचे चारपैकी दोन स्क्रू ढिले झाले होते. त्याखालचा धातू घासून चकचकीत झाला होता. हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

पट्टीचं मोल मला त्या दिवशी हिशेबाने कळलं. दीडशे मिलिमीटर लांबीच्या पट्टीचं एक टोक नेम बांधल्यानंतर एक दशांश मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या पानाइतकं उचललं गेलं, तर शंभर यार्डांवर गोळी सहा सेंटिमीटर सरकते आणि तीनशे यार्डांवर अठरा. हरणाच्या छातीत जिथे गोळी लागली की ते लवकर संपतं, ते वर्तुळ जेमतेम वीस सेंटिमीटर व्यासाचं. मधोमध धरलेला नेम अठरा सेंटिमीटर सरकला, की गोळी त्याबाहेर जाते. एका कागदाच्या जाडीवर एका जनावराचं मरण सोपं होणार की रात्रभराचं, हे ठरतं.

म्हणून नवी पट्टी निवडताना मी आग्रहाने पोलाद धरलं. अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, चांगल्या प्रतीचं उत्तम टिकतंही. डोंगर चढणाऱ्याला ते सोयीचं. पण रायफलची मूळ चौकट, जिला रिसीव्हर म्हणतात, ती पोलादाची. तळघरातल्या पंचवीस अंशांतून रायफल उणे पंधरात गेली, की दीडशे मिलिमीटरमध्ये पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या आकसण्यात सुमारे सहा-सात शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. दोन वेगळ्या स्वभावांना चार बारीक स्क्रूंनी बांधून ठेवायचं. पोलादाची पट्टी रिसीव्हरबरोबरच आकसते. एकाच घरातली माणसं थंडीत एकाच गोधडीत शिरावीत तशी.

खाचांनाही वंशावळ आहे. विल्यम वीव्हर या अमेरिकन दुर्बीणकाराच्या नावाच्या बैठकीवर खाचा होत्या, पण अंतर ठरावीक नव्हतं. न्यू जर्सीच्या पिकॅटिनी शस्त्रागाराच्या नावाने 1995 मध्ये सैन्याने मानक ठरवलं: खाच 5.23 मिलिमीटर रुंद, एका खाचेपासून दुसरी 10.01 मिलिमीटरवर. त्यामुळे दुर्बीण आपल्या डोळ्याच्या सोयीने पुढेमागे बसवता येते. काही पट्ट्या मुद्दाम पुढे उतरत्या असतात, लांब पल्ल्यासाठी. शेजारी तीनशे यार्डांपलीकडे कधी चाप ओढत नाहीत. म्हणून सपाट पट्टी घेतली.

रायफल रेमिंग्टन 700, 1962 पासून चालत आलेली घडण. तिच्या रिसीव्हरचा मागचा भाग पुढच्यापेक्षा खाली असतो, म्हणून पट्टी मागे जाड. आम्ही आधी पुढचे दोन स्क्रू आवळले आणि मागे पाहिलं. बल्बच्या उजेडात केसाएवढी फट दिसली. इथेच बहुतेकांचं चुकतं. मागचे स्क्रूही आवळले की फट मिटते, पण पट्टी वाकते, आणि वाकलेली पट्टी दुर्बिणीची नळीही आपल्याबरोबर वाकवते. पोलादावर जबरदस्ती केली, तर ते मान्य केल्यासारखं दिसतं आणि ताण मनात धरून बसतं.

म्हणून आम्ही तिला बिछाना केला. रिसीव्हरवर मेणाचा हात, पट्टीखाली मागच्या बाजूला इपॉक्सीचा लपका, मागचे स्क्रू न आवळता हलकेच टेकवलेले, आणि एक दिवस वाट पाहणं. दुसऱ्या दिवशी फट भरलेली होती आणि पट्टी सरळ होती. मग स्क्रू उघडले, आटे स्पिरिटने पुसले. सर्वांत पुढचा स्क्रू लांब असेल तर रायफलच्या आत सरकणाऱ्या बोल्टला घासतो, म्हणून तो मापून घेतला. निळ्या आटेबंद औषधाचा एकेक थेंब टाकला आणि टॉर्क-पान्हा वीस इंच-पौंडावर लावला, म्हणजे सव्वादोन न्यूटन-मीटरच्या आसपास. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला त्याहून फार जास्त जोर सोसत नाही. मनगटाची ताकद इथे उपयोगाची नाही, हे शेजाऱ्यांनी हसून मान्य केलं.

दुर्बिणीला धरणाऱ्या रिंगा पट्टीवर बसवताना त्यांना मी एकच गोष्ट सांगितली: आवळण्याआधी रिंग पुढे ढकलून खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवा. गोळी सुटते तेव्हा रायफल मागे येते, दुर्बीण जागीच राहू पाहते, म्हणजे पट्टीच्या दृष्टीने ती पुढे पळते. गोळी एक-दीड मिलिसेकंदात नळीबाहेर पडते. तेवढ्यात सहा-सातशे ग्रॅमची दुर्बीण आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओढ देते, आणि ती ओढ त्या भिंतीवर येते. भिंतीला टेकलेली रिंग सरकत नाही.

पट्टीचा एकच खरा दोष, गंज. पावसाळी हवेत ओल्या अंगठ्याचा ठसा उठला की दोन दिवसांत तांबूस होतो. त्यासाठी तेलाचं फडकं लागतं, आणि ते लावायला माणूस लागतो.

शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. स्क्रू फिरला तर रेघ तुटते. रविवारी मैदानावर वीस गोळ्या झाडल्यावर शेजाऱ्यांनी चष्मा वर केला, वाकून चारही रेघा पाहिल्या आणि पुन्हा एकदा पाहिल्या. मग खिशातून तेलाचं फडकं काढून पट्टी पुसली, शेपटापासून पुढपर्यंत, एकही खाच न सोडता.